नाळे बा

मावशीचा फोन आला तेव्हा मी दिवाळीची मोठी भांडी माळ्यावर चढवत होते. "अगं, मी मेलेय म्हणे," ती म्हणाली. मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते.

"कागदावर गं," ती हसली. "ते म्हातारपणाचे सरकारी पैसे चार महिने आले नाहीत. विचारलं तर म्हणतात, हयातीचा दाखला फायलीत नाही. मी तर वेळेवर दिला होता. आता म्हणतात पुन्हा द्या, सोबत कुणाला तरी घेऊन या."

मावशीचा मुलगा आखातात आणि सून आजारी. म्हणजे 'कुणाला तरी' म्हणजे मीच. मावशीची रक्तदाबाची गोळी त्या पैशांतून येते. चार महिने ती एक दिवस आड गोळी घेत होती, हे तिने सांगितलं नाही. ते मला शेजारणीकडून कळलं.

वाचकहो, आमच्या मावशीचा जन्म बेळगावातल्या शहापूरचा, १९४३ सालचा. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. ती तेरा वर्षांची होती तेव्हा १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६४ साली लग्न होऊन ती पेडणे तालुक्यात गेली आणि केंद्रशासित गोव्याची झाली. तिच्या माहेराचं राज्य १९७३ साली 'कर्नाटक' झालं आणि सासर १९८७ साली घटक राज्य. एका बाईने जागची फारशी न हलता एवढी सरकारं पाहिली, पण त्यांतल्या कुणी 'तू जिवंत आहेस का' असं विचारलं नव्हतं. ते आता संगणकाने विचारलं.

शुक्रवारी पहाटे निघालो. गाडी चालवायला आमचे हे, आणि मागच्या सीटवर अत्ती. सासूबाईंना आम्ही घरात अत्तीच म्हणतो. त्या बैलहोंगलच्या. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र निम्मं कन्नडच येतं. त्यांना शिरगावच्या लईराईचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून चोर्ला घाट उतरून डिचोलीमार्गे पेडण्याला जायचं ठरलं.

जांबोटी सोडली की गारवा लागतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो. इथेच मलप्रभेचा उगम, आणि इथेच तो कळसा कालवा, ज्याच्यावरून दोन राज्यांची वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला. म्हादईचं १३.४२ टीएमसी पाणी कर्नाटकाला, २४ गोव्याला, १.३३ महाराष्ट्राला. आमच्या घरात या विषयावर जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे. अत्तींच्या माहेराला उन्हाळ्यात टँकर येतो, मावशीच्या सासरी नदी आटायची भीती. दोघींचंही खरं. भांडायला वकील आहेत, पण दोघींच्या घागरीपर्यंत अजून कुणी आलेलं नाही.

घाट उतरून केरी, साखळी करत डिचोलीला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. बाजारात पावभाजी खाल्ली. आपली लोणीवाली नव्हे. गोव्यात पावाबरोबर पातळ भाजी देतात तिला 'भाजी-पाव' म्हणतात. अत्तींनी दोन प्लेट खाल्ल्या आणि वर विचारलं, "कुंदा इल्लेनु?"

डिचोली १७८१ साली पोर्तुगिजांच्या हातात गेली, पेडणे १७८८ साली. 'नव्या काबिजादी' म्हणतात त्या या. साष्टी-बारदेशपेक्षा दोन-अडीचशे वर्षांनी उशिरा घेतलेल्या. म्हणून इथे देवळं जागच्या जागी राहिली, बोलीत मराठी राहिली, आणि पणजीच्या नजरेत हा भाग जरा लांबचाच राहिला. लांबचा म्हणजे किती? डिचोलीहून पणजी तासाभरात गाठता येते. आणि नेते म्हणाल तर दोन्ही तालुक्यांनी मुख्यमंत्री दिले. मांद्र्याचे लक्ष्मीकांत पार्सेकर २०१४ ला झाले, साखळीचे प्रमोद सावंत २०१९ ला. तेव्हा हे अंतर किलोमीटरचं नसावं.

डिचोलीहून मयेला वळलो. मयेचं तळं पर्यटन खात्याच्या पत्रकावर असतं, बोटी असतात, बदकं असतात. पण मयेची खरी गोष्ट तळ्यावर कळत नाही, गावात शिरल्यावर कळते. तळ्यापासून पुढे एका अंगणात काजूच्या झाडाखाली एक आजोबा बसले होते. रस्ता विचारायला थांबलो आणि अर्धा तास गेला.

पोर्तुगीज राजवटीत मये हे गाव एका कौंदाच्या, म्हणजे सरदाराच्या नावावर होतं. लोक पिढ्यान् पिढ्या शेत कसत होते, काजू लावत होते, घरं बांधत होते, पण जमीन कौंदाची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. कौंदाच्या घराण्यातली मंडळी पोर्तुगालकडे. मग १९६४ साली देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा कायदा आला आणि त्या मालमत्तेवर सरकारी अभिरक्षक नेमला गेला. 'कस्टोडियन' हा शब्द मयेच्या पोरासोरांनाही ठाऊक. झालं काय, की धनी गेला आणि त्याच्या खुर्चीत सरकार बसलं. कूळ होतं तिथेच राहिलं. घर कसणाऱ्याचं, पण जमिनीचा कागद नाही. कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, पडवी वाढवायची तर परवानगी कुणाकडे मागायची हाच घोळ. भावाभावांत वाटणी करायची तर वाटायचं काय?

"गोवा सुटलो, मये खंय सुटलां?" असं आजोबा म्हणाले. हे वाक्य मयेत नवं नाही, मयेच्या भू-विमोचनाची चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली. मोर्चे झाले, बैठका झाल्या, निवडणुका आल्या-गेल्या. मये हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहे, म्हणजे या गावाचं नावच विधानसभेत बसतं, तरी कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. मुक्तीपासून त्रेपन्न वर्षं. त्या कायद्याने कौंदाचे जुने हक्क रद्द केले, आणि मग पुढच्या वर्षांत सनदा वाटपाचे कार्यक्रम झाले. मंडप, फुलं, फोटो.

मला राग कशाचा आला सांगू? उशिराचा नाही. उशीर आपल्याला नवा नाही. राग आला तो कार्यक्रमाचा. ज्याचं त्यालाच द्यायचं, तेही अर्ध्या शतकाने, आणि वर स्टेजवर बोलावून टाळ्या घ्यायच्या. आजोबांच्या वडिलांनी ते काजूचं झाड लावलं होतं. ते वारले तेव्हा झाड त्यांचं नव्हतं.

आमचे हे म्हणाले, "आपल्याकडे तरी काय वेगळं?" खरं आहे. आमच्या घरात आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं आहे. रेशनकार्डावर कन्नडातून आलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीतलं आणि बँकेत इंग्रजीतलं. तिन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागतं. सीमाभागातल्या प्रत्येक घरात असलं एक तरी प्रतिज्ञापत्र ट्रंकेत असणार.

शिरगाव तिथून जवळच. लईराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाय, तिकडे पेडण्यात मोरजीची मोरजाई, या बहिणी. सात बहिणी आणि एक भाऊ अशी कथा आहे, आणि त्यांतली एक म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस, तिलाही हिंदू तेल वाहतात. अत्तींना ही कथा फार आवडते. "नम्म यल्लम्मागू अक्क-तंगी इद्दारु," त्या म्हणाल्या. आमच्या यल्लम्मालाही बहिणी आहेत म्हणे. देवींचं बरं असतं, तालुका बदलला तरी नातं तुटत नाही.

जत्रेतल्या धोंडांचे व्रत, होमकुंडातून चालणं, हे सगळं आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिलंय. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. त्यानंतर चौकशी समिती, अहवाल, बदल्या. आम्ही गेलो तेव्हा देऊळ शांत होतं. अत्ती बराच वेळ डोळे मिटून बसल्या. उतरत्या वाटेकडे मी पाहत राहिले. एवढी लाखांची गर्दी दरवर्षी येते हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

शिरगावला देवीच्या पलीकडे खाणी आहेत. डोंगर होता तिथे खड्डा, आणि खड्डा इतका खोल की त्यातलं पाणी उपसलं तेव्हा गावातल्या विहिरी आटल्या. पाण्याच्या पातळीखाली खणलं की विहिरीचं काय होतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण शास्त्रज्ञही येऊन गेले. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये पुन्हा बंद. २०२४ ला लिलावातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात पुन्हा खोदाई सुरू झाली. खाण चालू असताना धूळ आणि आटलेली विहीर, बंद असताना ट्रकच्या कर्जाचे हप्ते. या गावात दोन्ही बाजूंची माणसं एकाच घरात राहतात. एका भावाचा ट्रक, दुसऱ्याचं शेत. सरकार मात्र पणजीतून विचारतं, 'तुम्ही खाणीच्या बाजूचे की विरोधातले?'

जेवण उरकून दोडामार्गच्या बाजूने पेडण्याकडे निघालो. म्हापशावरून रस्ता सोपा होता, पण मावशीने सांगितलं होतं, आतून या, कालवा दिसेल.

दिसला. तिळारीचा कालवा. धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात, प्रकल्प दोन राज्यांचा, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. काँक्रीटचा रुंद कालवा शेताच्या वरून ऐटीत जातो. हा कालवा अधूनमधून फुटतो. फुटला की खालची शेती वाहून जाते आणि पुढच्या गावांचे नळ कोरडे पडतात, म्हणजे जिथे नको तिथे पाणी आणि हवं तिथे नाही. ऑगस्ट २०१९ ला धरणातून पाणी सुटलं तेव्हा साळ गावात घरांत पाणी शिरलं होतं. पुलाजवळच्या दुकानदाराने भिंतीवर कमरेच्या वर हात ठेवून दाखवलं. "हंयसर," एवढंच म्हणाला.

चांदेलला पेडणे तालुक्याचा पाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथून चारेक मैलांवर मावशीचं गाव, आणि मावशीच्या नळाला एक दिवस आड पहाटे पाणी. अंगणात निळी पिंपं रांगेने. "इलंस गे बाय," म्हणत ती पायऱ्या उतरून आली. ब्याऐंशी वर्षांची, नऊवारी, कपाळावर बुक्का. अत्तींनी तिला कडकडून मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येते, तरी रात्री अकरापर्यंत बोलणं संपलं नाही.

रात्री अंगणात बसलो असताना डोक्यावरून विमान गेलं. इतकं खाली की खिडक्या मोजता आल्या असत्या. मोपा इथून जवळ. सड्यावरचा तो भाग, जिथे मावशी पूर्वी गुरं सोडायची, करवंदं काढायची, तो आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ.

या विमानतळाची गोष्ट मावशी तिच्या पद्धतीने सांगते. पायाभरणी १३ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पण कुठे? मोप्याला नव्हे, पणजीजवळच्या स्टेडियममध्ये. "पाया आमच्या सड्यार आणि दगड थंय!" मावशी म्हणते. २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाची पर्यावरण परवानगी स्थगित केली. कारण असं, की अर्जाच्या कागदात आसपासच्या राखीव जंगलांची वगैरे माहिती जशी द्यायला हवी होती तशी दिलीच नव्हती. पुन्हा तपासा म्हणाले. तपासलं, अटी घातल्या आणि जानेवारी २०२० ला परवानगी कायम झाली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणं.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. मावशीचा मुलगा आखातातून याच विमानतळावर उतरतो आणि वीस मिनिटांत आईच्या हातचा चहा पितो. पूर्वी दाबोळीहून यायला अर्धा दिवस जायचा. पण सड्यावर चरणारी गुरं, धनगरांची घरं, तिथले झरे, हे सगळं ज्या कागदात नव्हतं त्या कागदावर सह्या झाल्या, हे मनातून जात नाही. सड्यावर पाऊस मुरतो आणि खालच्या विहिरींना पाणी लागतं, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने अर्ज न भरता सांगितलं असतं.

तुये गावातल्या नव्या हॉस्पिटलचंही तसंच. पेडणेकरांना म्हापशाला, नाहीतर थेट बांबोळीला धावावं लागतं म्हणून ते बांधलं. इमारत उभी राहिली आणि कित्येक वर्षं कुलपातच. ते सुरू करा म्हणून लोकांना आंदोलन करावं लागलं. रस्ता मागायला आंदोलन केलेलं मी पाहिलंय. बांधून झालेलं दार उघडा म्हणून आंदोलन, हे मला नवीन होतं.

सकाळी साडेनऊला आम्ही त्या कार्यालयात हजर. कुठलं ते सांगत नाही, तुमच्या गावातलंही असंच असेल. बाकावर आमच्या आधी सात म्हातारी माणसं. खिडकीवरच्या बाईंनी मावशीचं नाव संगणकात घातलं.

"यांचा दाखला आलेला दिसत नाही."

"त्या स्वतः आल्यात," मी म्हटलं.

"हो, पण दाखला दिसत नाही."

मग अंगठ्याचं यंत्र. मावशीने अंगठा ठेवला, यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरं बोट, लाल. तिसरं, लाल. साठ वर्षं काजूच्या बिया सोलून, त्याच्या चिकाने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या आहेत. बाई चांगल्या होत्या, त्यांनी रुमालाने बोट पुसून दिलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी लावून बघितलं. शेवटी म्हणाल्या, "साहेबांची सही लागेल. साहेब मीटिंगला गेलेत. उद्या शनिवार... आज शनिवारच ना? सोमवारी या."

अत्ती इतका वेळ गप्प होत्या. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. "कण्ण मुंद निंताळ, मत्तेन बेकु?" डोळ्यांसमोर उभी आहे, अजून काय पाहिजे? बाईंना कन्नड कळलं नाही, पण सूर कळला. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "आजी, माझ्या हातात असतं तर आत्ताच केलं असतं." ते खरं होतं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो होते, आणि साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल वाळत घातल्यासारखा पसरलेला.

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मावशीला विचारलं, "सदुसष्टाक तुवें खंय मत घातल्लें?" १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. गोवा चौतीस हजार मतांनी वेगळा राहिला, पण पेडणे आणि डिचोली फुलाकडे होते. मावशी म्हणाली, "फुलाक. पयलेंच मत म्हजें." दोघं हसली. मला वाटलं, तेव्हा यांचं मत सगळ्यांना हवं होतं. सभा घ्यायला कोण कोण या वाडीत आलं होतं, कुणाला कुणाच्या ओट्यावर चहा दिला, हे ती दोघं तासभर आठवत बसली. आता एका अंगठ्याचं काम सोमवारवर.

सोमवारी आम्हाला थांबणं शक्य नव्हतं, ह्यांची रजा नव्हती. मावशी म्हणाली, मी जाईन शेजारच्या पोराच्या स्कूटरवर. दुपारी निघायच्या आधी अत्तींनी तिला आपल्याकडची ती जुनी गोष्ट सांगितली. रात्री भूत येतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं की संपलं. म्हणून गावोगावी लोकांनी दारावर लिहून ठेवलं होतं, 'नाळे बा', उद्या ये. भूत वाचतं आणि परत जातं. दुसऱ्या रात्री येतं, पुन्हा वाचतं. मावशीला ती गोष्ट इतकी आवडली की तिने चुलीतला कोळसा आणून अत्तींच्या हातात दिला. अत्तींनी दाराच्या चौकटीवर मोठ्या गोल कन्नड अक्षरांत लिहिलं. मी खाली मराठीत लिहू का विचारलं, तर मावशी नको म्हणाली.

परतताना पत्रादेवीवरून गेलो. १५ ऑगस्ट १९५५ ला इथल्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पंजाबचे कर्नेल सिंग इथे पडले. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी गाडी थांबवून अत्तींनी नमस्कार केला. समोरून विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्स्या भरधाव जात होत्या.

पुढल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. सोमवारी साहेब होते. सही झाली. अर्ज 'वर' गेलाय, पैसे आल्यावर कळवू म्हणाले. गोळ्यांचे पैसे मी पाठवलेत, ते ती घेत नव्हती, शेजारणीकडे दिले.

"आणि ऐक," ती म्हणाली, "काल पक्षाचे पोरगे आले होते. नव्या वर्षाची कालनिर्णयासारखी दिनदर्शिका वाटत होते, पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि तारखा बारीक. दारावरचं बघून विचारलं, आजी, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, कानडीत आहे, वाचून या कुणाकडून तरी."

"मग?"

"मग काय, दिनदर्शिका घेतली. त्यांतल्या एकादश्या बरोबर असतात."